गुलाबी नसलेली थंडी

पुण्याकडचे नातेवाईक डिसेंबरात फोन करतात तेव्हा हमखास विचारतात, “काय म्हणते तुमच्याकडची गुलाबी थंडी?” पहाटे शाल पांघरावी, नऊ वाजता ती घडी करून ठेवावी आणि दुपारी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात हिंडावे, अशा थंडीला गुलाबी म्हणण्यात काहीच गैर नाही. ग्वाल्हेरची पौषातली थंडी मात्र राखाडी असते. सात वाजून गेले तरी नीट उजाडत नाही, समोरच्या घराचा सज्जा दिसत नाही, रस्त्यावरच्या टेम्पोचा आवाज आधी येतो आणि दिवा मागाहून दिसतो. एखाद्या आठवड्यात तर तीन-तीन दिवस सूर्यदर्शन होत नाही. इथल्या मराठी घरात त्याला धुके म्हणणारा माणूस नुकताच महाराष्ट्रातून आलेला आहे असे खुशाल समजावे. आम्ही ‘कोहरा’च म्हणतो. ‘आज कोहरा फार आहे, बाहेर पडू नकोस’ हे वाक्य डिसेंबरअखेरीपासून महिनाभर घरोघरी दिवसातून चारदा तरी ऐकू येते, आणि माझा वाद आहे तो या वाक्याच्या उत्तरार्धाशी.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आहेत आणि अजूनही कोणाचे बिल चुकले तर जिन्यातच थांबून ते दुरुस्त करून देतात. दिवाळीत अख्ख्या इमारतीला त्यांच्या हातच्या चकल्या जातात. मार्गशीर्ष उलटला की याच काकू हळूहळू दिसेनाशा होतात. रात्री साडेआठला रजईत शिरतात, सकाळी दहापर्यंत उठत नाहीत आणि तरीही ‘झोप पुरी झाली नाही’ म्हणतात. ताटातल्या भाजीपोळीकडे लक्ष नसते, पण उशाशी गजकचा, म्हणजे तीळगुळाच्या खुसखुशीत वड्यांचा, डबा असतो आणि तो दोन दिवसांत रिकामा होतो. भजनाला येत नाहीत, फोन वाजू देतात, शब्दकोडे अर्ध्यावर टाकतात. रथसप्तमीच्या आसपास त्या पुन्हा जिन्यात दिसू लागतात आणि होळीपर्यंत साऱ्या इमारतीला धारेवर धरण्याइतक्या सावरलेल्या असतात. सून म्हणते, “थंडी पडली की आईंचं असंच असतं.” मुलगा म्हणतो, “आळस आहे, दुसरं काय!” दोघांपैकी सुनेचे वाक्य अधिक शास्त्रीय आहे, कारण तिने निदान दरवर्षीचा क्रम ध्यानात ठेवला आहे.

हा क्रम ध्यानात ठेवण्यावरच हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याच्या अभ्यासाची सारी उभारणी झालेली आहे. वर्षानुवर्षांच्या आपल्या मनःस्थितीच्या नोंदी जपून ठेवणारा एक इंजिनिअर त्या घेऊन अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत गेला होता. त्याच संस्थेत काम करणारे नॉर्मन रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. न्यू यॉर्कच्या पहिल्याच हिवाळ्यात आपली उमेद मंदावते हे त्यांनी स्वतःवरच अनुभवले होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली २९ रुग्णांच्या आधारे या ऋतुनिगडित नैराश्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. एरवीच्या नैराश्यात बहुधा झोप उडते आणि अन्न जात नाही. हिवाळी नैराश्यात उलट झोप वाढते, गोड आणि पिठूळ पदार्थांची ओढ लागते, वजन वाढते आणि हातपाय जड होतात. निदानासाठी एक वाईट जानेवारी पुरत नाही. लागोपाठ किमान दोन वर्षे त्याच ऋतूत उतार आणि ऋतू बदलल्यावर चढ दिसावा लागतो, आणि हा उतार कामधाम, नातीगोती बिघडवण्याइतका असावा लागतो. स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. काकूंना हा विकार आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही, ते काम डॉक्टरांचे. परंतु ‘आळस’ हा शब्द उच्चारून मुलाने जे निदान करून टाकले, त्याचाही त्याला अधिकार नव्हता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो वजनदार आहे. हा थंड देशांतल्या गोऱ्या लोकांचा आजार आहे, तो ग्वाल्हेरला कशाला आणता? स्टॉकहोमला डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. ग्वाल्हेर २६ अंश अक्षांशावर आहे, आणि आमचा वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे साडेदहा तासांचा असतो. एवढा दिवस हाताशी असताना उजेडाची तक्रार करणे म्हणजे गंगेकाठी बसून तहानेची तक्रार करण्यासारखे आहे, असे कोणी म्हटले तर ते चूक नाही. फक्त गंगेकाठी बसलेला माणूस खरोखर पाणी पितो आहे की नाही, हे कोणी पाहिलेले नसते.

उजेड मोजण्याचे एकक लक्स. स्वच्छ उन्हात भर दुपारी तो लाखाच्या घरात जातो. दाट कोहरा असला तरी दुपारी उघड्यावर काही हजार लक्स मिळतात. एका ट्यूबलाइटच्या खोलीत मात्र तो शंभर-दोनशेच्या आसपास असतो. मी गेल्या जानेवारीत मोबाइलवरच्या एका साध्या ॲपने आमच्या बैठकीच्या खोलीत मोजून पाहिले, पडदा सारलेला आणि दिवा लावलेला असताना आकडा नव्वदीत होता. तोच मोबाइल घेऊन गच्चीवर गेलो तर सूर्य दिसत नसतानाही तो सहा हजारांच्या वर गेला. मोबाइलचे मोजमाप प्रयोगशाळेचे नव्हे हे खरे, पण साठ-सत्तर पटींचा फरक यंत्राच्या चुकीने पडत नाही. गंमत अशी की डोळ्याला हा फरक एवढा जाणवतच नाही. डोळा स्वतःला जुळवून घेतो आणि खोलीत ‘चांगला उजेड’ आहे अशी ग्वाही देतो.

शरीराचे घड्याळ मात्र या ग्वाहीवर चालत नाही. अल्फ्रेड ल्यूई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवले की रात्री शरीरात पाझरणारे मेलाटोनिन हे संप्रेरक २,५०० लक्सच्या प्रखर उजेडाने दबते. त्या प्रयोगात ५०० लक्सच्या, म्हणजे चांगल्या उजळ खोलीतल्या प्रकाशाने ते दबले नव्हते. पुढच्या अभ्यासांत खोलीतला उजेडही अगदीच निष्प्रभ नसतो असे दिसून आले, परंतु मुख्य मुद्दा टिकला: पाहण्यासाठी पुरेसा असलेला उजेड दिवस झाल्याचे शरीराला पटवायला पुरेसा असतोच असे नाही. २००२ साली डोळ्याच्या पडद्यात अशा पेशी आढळल्या ज्या स्वतःच प्रकाश टिपतात आणि चित्र घडवण्याऐवजी मेंदूतल्या घड्याळाला वेळ कळवतात. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १०१ निरोगी पुरुषांच्या रक्ताच्या तपासणीवरून दाखवले की मनःस्थितीशी निगडित असलेल्या सेरोटोनिन या रसायनाची मेंदूतली उलाढाल हिवाळ्यात सर्वांत कमी असते आणि त्या-त्या दिवशीच्या उन्हाबरोबर वाढते. या सगळ्यातून पूर्ण साखळी अजून जुळलेली नाही. उशिरा उजाडल्यामुळे घड्याळ मागे पडते हे मुख्य कारण, की सेरोटोनिन, की या दोहोंना बळी पडणारी आनुवंशिक घडण, यावर एकमत नाही. पण सकाळचा भरपूर उजेड डोळ्यांना मिळाला की पुष्कळांना बरे वाटते, हे उपचारांच्या अनुभवातून पुरेसे स्पष्ट झाले आहे.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा जास्त विचार करायला लावतो. अमेरिकेतल्या ३४,२९४ प्रौढांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्याच्या लक्षणांचा ऋतूशी, अक्षांशाशी किंवा उन्हाच्या प्रमाणाशी काही संबंध आढळला नाही. आइसलँडसारख्या उत्तरेकडच्या देशात हा विकार अपेक्षेपेक्षा कमी दिसतो, हेही १९९३ पासून माहीत आहे. मग हे सारे थोतांड आहे का? मला तसे वाटत नाही. हजारोंच्या सरासरीत मूठभरांचा ऋतुक्रम विरून जाऊ शकतो. शिवाय काही जणांचा उतार उन्हाळ्यात येतो, झोप उडते, भूक मरते, जीव कासावीस होतो, आणि मे महिन्यातले ४५ अंशांचे ग्वाल्हेर पाहिलेल्याला त्यात नवल वाटू नये. या अभ्यासातून मी घेतो तो धडा वेगळा आहे. ‘हिवाळा आला, आता सगळ्यांचीच मने खचणार’ अशी हाकाटी करण्याला आधार नाही. थंडीत थोडी सुस्ती येणे, रजई सोडवत नसणे, हा आजार नव्हे. आजार थोड्यांना होतो. परंतु त्या थोड्यांच्या वाट्याला आपण जी घरे, ज्या सवयी आणि जे शब्द ठेवले आहेत, ते त्यांना आणखी खाली ढकलणारे आहेत.

आधी घरांकडे पाहू. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी पडली, तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. तिथल्या जुन्या मराठी वाड्यांना चौक असे. चौक आकाशाला उघडा असे आणि हिवाळ्यात घरातली म्हातारी माणसे उन्हाच्या कवडशाबरोबर आपली चटई सरकवत दिवस काढत. त्या वाड्यांचे मला प्रेम असले तरी भलते उमाळे नाहीत. माजघरे अंधारी होती, आणि ज्या बायका तिथे राबत त्यांना चौकातले ऊन दुपारची उष्टी-खरकटी आवरल्यावरच मिळे. तरीही चौक होता. आता वाटण्या झाल्या, चौकावर फायबरचे पत्रे आले, वाड्यांच्या जागी चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. इथे थोडे गणित करण्यासारखे आहे (काकूंनी ते मला एका चांगल्या महिन्यात तपासून दिले). डिसेंबरअखेरीस ग्वाल्हेरला सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून सुमारे ४० अंशच वर येतो. म्हणजे ४० फूट उंचीच्या इमारतीची सावली बारा-साडेबारालाही जवळजवळ ४७ फूट उत्तरेकडे पडते. लष्करातल्या पुष्कळ गल्ल्या पंधरा फूटही रुंद नाहीत. तेव्हा समोर, दक्षिणेला, अशी एक इमारत उभी राहिली की अलीकडच्या घराचे खालचे मजले हिवाळाभर उन्हाला मुकतात, मग आकाश कितीही निरभ्र असो. पार्किंग किती आणि मागे जागा किती सोडली, यावर आपल्याकडे तक्रारी होतात, खटलेही होतात. ऊन गेल्याची तक्रार कोणी केल्याचे मी ऐकलेले नाही, कारण ऊन कोणाच्या मालकीचे असते असे आपल्याला वाटतच नाही.

नॉर्वेत र्‍युकान नावाचे एक छोटे गाव आहे. ते अशा खोल दरीत वसले आहे की सप्टेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत तिथे ऊन उतरत नाही. २०१३ साली तिथल्या लोकांनी डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले. ते सूर्याबरोबर फिरतात आणि गावाच्या चौकात उन्हाचा एक तुकडा टाकतात. त्या तुकड्यात लोक खुर्च्या टाकून बसतात. खर्च किती आणि फायदा किती, यावर तिथेही वाद झाला. मला त्यातली भूमिका महत्त्वाची वाटते: रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांच्याप्रमाणे ऊनही गावाने मिळून मिळवण्याची गोष्ट मानली गेली. आम्हाला आरसे नकोत. आमच्याकडे कोहऱ्याच्या दिवसांतही बहुधा अकरा-बारापर्यंत ऊन स्वतःहून येते, फक्त ते जिथे पडते तिथे जाण्याची वाट आम्ही बंद केलेली असते.

ही वाट म्हणजे गच्ची. आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप असते. टाकीची झाकणे चोरीला गेली, वरच्या मजल्यावर पाणी झिरपले, मुलांनी पतंग उडवताना कठड्यावर चढून दाखवले, अशी त्याची सयुक्तिक कारणे आहेत. किल्ली सोसायटीच्या सचिवांकडे असते आणि ते सकाळी नऊला कामावर जातात ते रात्री परततात. म्हणजे ज्या वेळी वर ऊन असते त्या वेळी किल्ली शहराच्या दुसऱ्या टोकाला असते. अशा कुलूपबंद गच्च्या शहरात किती असतील, याचा अंदाज कोणीही आपल्या नातेवाइकांची घरे आठवून करावा.

थंडीत लोकच बाहेर पडत नाहीत, असे यावर सांगितले जाते. ते खरे नाही. १९०५ पासून भरणारा आमचा व्यापार मेळा ऐन थंडीतच असतो, आणि रात्री आठ वाजता कानटोप्या घातलेली निम्मी ग्वाल्हेर तिथे पापड खात हिंडत असते. थंडी माणसाला अडवत नाही. पण आमचे हिवाळ्यातले बाहेर पडणे सूर्य मावळल्यानंतरचे आहे आणि दिवस बंद खोल्यांतला आहे. सरकारी व्यवस्थाही थंडीचाच विचार करते: शीतलहर आली की चौकाचौकात अलाव, म्हणजे शेकोट्या, पेटतात, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने शाळांच्या वेळा पुढे जातात किंवा धाकट्या वर्गांना सुट्टी मिळते. हे योग्यच आहे. पहाटेच्या गारठ्यात पोरांना रिक्षात कोंबणे क्रूरपणाचे होते. पण अकरा ते एक या वेळात, ऊन पडलेले असताना, ती पोरे ट्यूबलाइटखाली बसलेली असतात. एक तास मैदानावर घ्यावा, कवायत नको, नुसते वाचन चालेल, एवढा एक ओळीचा आदेश त्याच कागदावर लिहिता येण्यासारखा आहे.

इथे कोणीतरी धनुर्मासाची आठवण काढणार हे मला ठाऊक आहे. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, म्हणजे नेमक्या सर्वांत अंधाऱ्या महिन्यात, सूर्य उगवता उगवता नैवेद्य दाखवून जेवायचे. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा. आमच्या आजीकडे ही पंगत अंगणातच बसे, आणि खिचडीची वाफ नि तोंडाची वाफ एकच होऊन जाई. पूर्वजांना मेलाटोनिन माहीत होते असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. आपली जुनी ऋतुचर्या तर हेमंत ऋतूला बळ देणारा ऋतू मानते, उदासीचा नव्हे. शिवाय ती खिचडी सूर्योदयाला ताटात यावी म्हणून कोणीतरी चार वाजता अंधाऱ्या स्वयंपाकघरात चूल पेटवलेली असे, आणि ते कोण, हे सांगायला नको. एवढे मात्र खरे की त्या प्रथेने घरातल्या झाडून साऱ्यांना सकाळच्या उजेडात आणून बसवले होते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात हिवाळी नैराश्याच्या रुग्णांना आठवडाभर रोज सकाळी तासभर मोकळ्यावर चालायला लावले, तेव्हा त्यांच्यात सुधारणा दिसली होती. आपल्याकडे उजेडाला खिचडीची जोड होती, इतकेच.

आता शब्दांविषयी. ‘मनावर मळभ आले’ असे मराठीत किती सहज म्हणता येते. आभाळाचा आणि मनाचा संबंध भाषेने आधीच ओळखलेला आहे. घरात मात्र तो शब्द कोणी वापरत नाही. तिथे ‘सुस्ती’, ‘नखरे’, ‘वय झालं’ हे शब्द असतात, आणि त्यापलीकडे थेट आरोग्यशाळा. राज्यातल्या जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक ग्वाल्हेरला आहे, आणि लहानपणी आम्ही एकमेकांना तिथे पाठवण्याच्या धमक्या देत असू. सुस्ती आणि आरोग्यशाळा यांच्या मधला सगळा प्रदेश आमच्या बोलण्यात मोकळाच राहिला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्य अनुभवणाऱ्यांचे प्रमाण साधारण २० जणांत एक आहे, आणि ही सारी माणसे त्या मधल्या प्रदेशातच असतात.

त्यांच्यापैकी कोणी डॉक्टरकडे गेलेच तर बहुधा ड जीवनसत्त्वाची पुडी घेऊन परत येते. हाडांसाठी ती लागत असेल तर जरूर घ्यावी. पण १८,३५३ प्रौढांवर सुमारे पाच वर्षे चाललेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या जीवनसत्त्वाने नैराश्य टळल्याचे दिसले नाही. कातडीवर पडणारे ऊन आणि डोळ्यांत जाणारा उजेड यांची कामे निराळी आहेत, ही साधी गोष्ट त्या पुडीत हरवते. ज्यांना खरोखर हा विकार आहे त्यांच्यासाठी १०,००० लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसण्याचा उपचार आहे, औषधे आहेत, आणि विचार व वागणुकीच्या सवयींवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत आहे. दिवा ऑनलाइन मागवता येतो म्हणून आपणच लावून बसणे बरे नव्हे. ज्यांच्या मनःस्थितीला दोन टोके आहेत त्यांना तो भलत्याच टोकाला नेऊ शकतो, आणि डोळ्यांचे आजार असणाऱ्यांनीही आधी विचारून घ्यावे. बोलायला कोणी नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या दवाखान्यांकडून मला फार मोठी अपेक्षा नाही. थकवा, झोप, वजन अशी तक्रार जानेवारीत घेऊन आलेल्या बाईला ‘गेल्या वर्षी या दिवसांत कशी होतात?’ एवढा एक प्रश्न विचारला जावा. त्याला यंत्र लागत नाही.

आणि ‘जरा फिरून ये, बरं वाटेल’ हा सल्ला देणाऱ्यांना एक विनंती. ज्याला अंथरुणातून उठणेच डोंगरासारखे झाले आहे त्याला हे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला जिना दाखवणे. त्याच्याबरोबर जावे लागते. काकूंची सून हे गेल्या हिवाळ्यात न सांगता करू लागली: “आई, पापड वाळत घालायचेत, मला एकटीने जमणार नाही,” असे म्हणून ती त्यांना वर नेऊ पाही, आणि गच्चीला कुलूप असे.

डिसेंबरात सोसायटीची बैठक झाली. विषयपत्रिकेवर लिफ्टचा देखभाल-खर्च होता. तो झाल्यावर सुनेने गच्चीचा विषय काढला. चोरीचे, गळतीचे, पतंगांचे सगळे मुद्दे पुन्हा निघाले, पाऊण तास गेला, आणि शेवटी असे ठरले की फेब्रुवारीअखेरपर्यंत रोज अकरा ते तीन गच्ची उघडी राहील. किल्ली दुसऱ्या मजल्यावर काकूंकडे ठेवावी असे सचिवांनीच सुचवले. अट एकच घातली: पापड वाळत घालायचे नाहीत.